परसातील ऊन

घराच्या पुढील मोकळ्या जागेस अंगण म्हणतात आणि मागील जागेस परस. अंगणात तुळशीवृंदावन असते, पाहुण्यांची ऊठबस होते. परसाला तेवढा मान नाही. परंतु कोकणातील जुन्या गृहिणीने या दुर्लक्षित जागेतूनच घराला भाजी पुरविली. मोरीच्या पाण्यावर तिने अळू आणि केळ वाढविली, कुंपणाशी शेवगा लावला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ कढीलिंब ठेवला. कोणत्या झाडाला काय हवे आणि ते घराभोवती कोठे आयते मिळते, हे तिने अचूक हेरले होते.

रायगड जिल्ह्यात पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुकापूर आहे. एके काळी या भागात पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर जमिनीतील ओलीवर वाल, असा पिकांचा क्रम असे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, शेजारी नवीन पनवेल वसले आणि हळूहळू शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आज ज्या घरामागे दहा-बारा फूट माती उरली आहे, ते घर भाग्यवान म्हणावयाचे. अशा चिमुकल्या जागेत काय पिकणार, असे कोणी विचारील. मुलांनो, आपण हिशेबच करून पाहू.

समजा, परस पूर्व-पश्चिम १२ फूट लांब आणि दक्षिणोत्तर १० फूट रुंद आहे. पश्चिमेस घर आहे. दक्षिणेस व उत्तरेस ६ फूट उंचीच्या भिंती आहेत. म्हणजे जमीन १२० चौरस फूट. दारापासून सरळ दोन फुटांची पाऊलवाट ठेवली, तर २४ चौरस फूट तिच्यातच गेले आणि दोन्ही बाजूंस चार-चार फुटांचे वाफे राहिले. वाटेवर बसून तुमचा हात फार तर दोन फूट आत पोहोचेल. म्हणून रोज खुडावयाची भाजी वाटेलगत लावावी आणि जिच्याकडे वरचेवर जावे लागत नाही ती भिंतीलगत.

आता भिंतीकडे पाहा. उत्तरेकडील भिंत १२ फूट लांब व ६ फूट उंच, म्हणजे ७२ चौरस फुटांची आहे. साऱ्या परसाच्या निम्म्याहून अधिक जागा अशी उभी राहिली आहे आणि तिच्यावर कोणी कर घेत नाही! तिला काठ्या व सुतळी बांधून पावसाळ्यात दोडका किंवा पडवळ चढवावे आणि हिवाळ्यात वाल. वेलीचे मूळ वीतभर जागा घेते. बाकीचा तिचा संसार वर हवेत चालतो.

मग दक्षिणेकडील भिंतीवरही वेल का चढवू नये? येथे खरी गोष्ट येते, ती उन्हाची. पनवेल विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्यास तेथे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. परंतु २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेकडे इतका कलतो की, ६ फुटांच्या भिंतीची सावली भरदुपारीही साडेपाच फूट पडते. म्हणजे दक्षिणेचा चार फुटांचा वाफा सबंध झाकला जातो आणि वाटेचाही बराच भाग. त्या वाफ्यात थंडीत मेथी पेरली, तर ती उन्हासाठी माना लांबवील आणि फिकी पडेल. जागा आहे, पण ऊन नाही. मग ती जागा कागदावरचीच.

पण तो वाफा रिकामा ठेवण्याचे कारण नाही. मे-जूनमध्ये, सूर्य माथ्यावर असताना, तेथे हळद लावावी. पावसाळाभर तिची पाने वाढतात आणि श्रावणात पातोळ्यांसाठी उपयोगी पडतात. हिवाळ्यात भिंतीची सावली लांबू लागते, तोवर तिची पाने वाळू लागलेली असतात आणि पुढे कंद खणावयाचे दिवस येतात. जेव्हा ऊन असते तेव्हा हळदीला ते हवे असते. जेव्हा जाते तेव्हा तिला फारशी गरज उरत नाही. उत्तरेचा वाफा मात्र थंडीतही उजेडात राहतो. तेथे वांगी-मिरची लावून मधल्या जागेत कोथिंबीर पेरावी. ती महिना-दीड महिन्यात निघून जाते आणि तोवर मोठ्या झाडांना पसरण्यास जागा लागू लागते.

उन्हाचा असाच हिशेब श्री. अ. दाभोळकर (१९२४–२००१) यांनी मोठ्या प्रमाणावर मांडला. ते गणिताचे अध्यापक; पण शेतकऱ्यांना आपल्याच शेतात प्रयोग करावयास लावून त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. पीक म्हणजे पानांनी पकडलेले ऊन, या दृष्टीने पाहिल्यास दहा गुंठे जमिनीवर एक कुटुंब नीट जगू शकते, असे ते सांगत. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. आपले परस त्याच्या नव्वदाव्या हिश्श्याएवढे! तेव्हा त्यावर घर चालेल, अशी आशा कोणी धरू नये. रोजची मिरची-कोथिंबीर आणि अधूनमधून एखादी ताजी भाजी मिळाली, तरी तो सौदा वाईट नव्हे.

माती मात्र आधी तपासावी. इमारतींलगतच्या जमिनीत बहुधा विटांचे तुकडे व चुना निघतो. तो उपसून पालापाचोळा, भाजीची देठे व शेणखत घालावे आणि वाफे वीतभर उंच करावेत. नाहीतर कोकणातला पाऊस मुळे कुजवितो. मोरीचे पाणी केळीला द्यावे, परंतु साचू देऊ नये, कारण डासांनाही परस फार आवडते.

एवढे करण्यापूर्वी एक फुटाची काठी परसात सरळ रोवा. पनवेलीस घड्याळात साडेबारा वाजून काही मिनिटे झाली की खरी मध्यान्ह होते. त्या वेळी दर महिन्याच्या २२ तारखेस काठीच्या सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवा. डिसेंबरात खडा काठीपासून सुमारे अकरा इंचांवर जाईल. जूनमध्ये सावली इंचभरच उरेल, आणि तीही उलट्या बाजूस, दक्षिणेकडे पडेल.