कानाला वायर कळत नाही, आवाज कळतो

इअरफोन घ्यायचे तर वायरचे घ्यावेत की ब्लूटूथचे, हा प्रश्न आता घरोघरी निघतो. मुलगा अकरावीला गेला, मुलगी पोलीस भरतीच्या तयारीसाठी साताऱ्यातल्या अभ्यासिकेत बसू लागली, किंवा घरातले कुणी नोकरीसाठी रोज कराड-सांगली एसटीने ये-जा करू लागले, की खरेदी ठरते आणि तिच्यासोबत काळजीही येते. वायरलेसमधल्या लहरींनी मेंदूला काही होणार तर नाही ना, ही पहिली काळजी. कान तर खराब होणार नाहीत ना, ही दुसरी. चर्चा बहुतेक पहिलीचीच होते. पुरावा पाहिला तर झोप उडायला हवी ती दुसरीने. कानाच्या आरोग्यापुरते बोलायचे तर वायर आहे की नाही, ही बाब दुय्यम आहे. आवाज किती मोठा आणि तो किती वेळ, यावर सगळे ठरते. वायर गेल्याने एक गोष्ट मात्र खरोखरच बदलली, ती म्हणजे ऐकण्याचा वेळ वाढला. वायरलेसकडे डॉक्टरच्या नजरेतून पाहायचे ते या बाजूने.

आधी लहरींचा प्रश्न मिटवू. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओलहरी वापरते. क्ष-किरणांप्रमाणे पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. शिवाय इअरबडला फक्त खिशातल्या फोनपर्यंत पोचायचे असते, त्यामुळे त्याची शक्ती साधारण काही मिलिवॅटच असते. दूरच्या टॉवरशी संपर्क ठेवणारा ४जी फोन गरज पडली तर २०० मिलिवॅटपर्यंत जातो. म्हणजे पाटण किंवा जावळीच्या डोंगराआडच्या गावात, रेंज नसताना फोन कानाला लावून तासभर बोलण्यापेक्षा फोन टेबलावर ठेवून ब्लूटूथने बोललात, तर डोक्याला लागणाऱ्या लहरी उलट कमीच होतात. यावर हमखास एक आक्षेप येतो, की २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब गटात टाकले होते. ते खरे आहे. पण या गटाचा अर्थ एवढाच, की शंका पूर्ण फिटलेली नाही आणि पुरावा मर्यादित आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा याच गटात आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. एवढे वाचूनही कुणाच्या मनात रुखरुख राहत असेल तर त्यांनी खुशाल वायरचे इअरफोन घ्यावेत, त्यात तोटा काही नाही. पण वायरचे घेतले म्हणजे कान सुरक्षित झाले, असे मात्र समजू नये.

कारण कानाची हानी लहरींनी होत नाही, आवाजाने होते. आपल्या प्रत्येक कानात आत, शंखाच्या आकाराच्या एका बारीक नळीत, सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनाने त्यांच्यावरचे सूक्ष्म केस हलतात आणि त्या हालचालीचा संदेश मेंदूकडे जातो. वाऱ्याने लवलेला शाळू वारा थांबला की पुन्हा उभा राहतो, पण रोजच सोसाट्याचा वारा असेल तर ताटेच मोडतात. या पेशींचेही तसेच आहे. मोठ्या आवाजानंतर कानाला दडे बसल्यासारखे वाटते, गुंई असा आवाज येत राहतो आणि रात्रीच्या झोपेनंतर बरे वाटते, तेव्हा पेशी लवलेल्या असतात. हेच महिनोन्‌महिने चालू राहिले तर त्या मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. त्यावर गोळी नाही, थेंब नाहीत, शस्त्रक्रियाही नाही. श्रवणयंत्र मदत करते, पण हरवलेले कान परत देत नाही.

ही हानी सुरुवातीला लक्षात येत नाही, हीच तिची सर्वांत वाईट बाजू. आवाजाने होणारा बहिरेपणा प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपासचे, म्हणजे वरच्या पट्टीतले सूर खातो. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजने ओळखायला हेच सूर लागतात. म्हणून असा माणूस ‘ऐकू येते, पण नीट समजत नाही’ अशी तक्रार करतो आणि घरच्यांना वाटते की त्याचे लक्ष नाही. वरचे सूर किती मोलाचे असतात, हे पाहायचे तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावे. तानपुऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा माथा किंचित घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा केसभर घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा तसूतसू सरकवत मूळ स्वरातून वरच्या उपस्वरांचा तो झणत्कार फुलेपर्यंत थांबतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते या कानांच्या बळावर. विशीतला मुलगा रोज मोठ्या आवाजात गाणी ऐकून नेमके हेच सूर गमावून बसला, तर त्याला तानपुरा ऐकू येईल, पण त्याची जवारी नाही.

‘मला तर काहीच त्रास नाही,’ असे अनेक तरुण सांगतात. त्यांचे सांगणे खोटे नसते, कारण दोघांच्या गप्पा ऐकायला पुरेल एवढा कान बराच काळ शाबूत असतो. फरक कळतो तो ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे श्रवणमापनाच्या तपासणीत. ज्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखे गाव पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुले पाठवत आले, ज्या सांगलीत शेकडो मुले भरतीसाठी पहाटे मैदान गाठतात, तिथल्या तरुणांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत दोन्ही कान तपासले जातात. छाती आणि धाव वर्षभराच्या मेहनतीने सुधारते, गेलेले श्रवण मात्र कुठल्याही मेहनतीने परत येत नाही.

मग किती आवाज चालेल? जागतिक आरोग्य संघटनेचे माप सोपे आहे. प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलवर जास्तीत जास्त ४० तास ऐकावे, मुलांनी ७५ डेसिबलवर ४० तास. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९५ डेसिबलला पोचलात तर आठवडाभरासाठी जेमतेम सव्वा तास. बहुतेक फोन पूर्ण आवाजावर १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतात. तिथे आठवड्याचा सगळा वाटा सुमारे २० मिनिटांत संपतो. बारा ते चौतीस वयोगटातले सुमारे २४ टक्के लोक अशा उपकरणांवर असुरक्षित पातळीला ऐकतात, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात मांडला गेला. या हिशेबात कुठेही वायरचा उल्लेख नाही, हे ध्यानात घ्या. दोनशे रुपयांचा वायरचा इअरफोन आणि वीस हजारांचा वायरलेस, दोघांचे ९५ डेसिबल कानाला सारखेच.

वायरचा संबंध येतो तो वेळेशी. वायर अडकते, गुंतते, फोनपासून दूर जाऊ देत नाही, झोपताना टोचते, म्हणून माणूस ती काढून ठेवतो. ही गैरसोय कानाला मिळालेली सक्तीची विश्रांतीच होती. इअरबड कानात असल्याचा विसर पडतो. स्वयंपाक करताना, चालताना, जेवताना, अगदी झोपेतही ते तसेच राहतात. यावर पालक विचारतील, मग दिवसाचे सहा-सहा तास ऑनलाइन लेक्चर ऐकणाऱ्या मुलांनी करायचे काय? त्यांना दिलासा देतो. शांत खोलीत, साध्या बोलण्याएवढ्या म्हणजे ६०-६५ डेसिबलच्या आवाजात लेक्चर ऐकल्याने कान बिघडत नाहीत. लांबलेला वेळ आणि चढलेला आवाज एकत्र आले की नुकसान होते. वायरलेसचा एक गुणही इथेच सांगायला हवा. काही फोन आणि त्यांना जुळणारे इअरबड आठवडाभरात कानावर किती आवाज पडला याची नोंद ठेवतात आणि मर्यादा ओलांडली की सूचना देतात. अनोळखी वायरच्या इअरफोनमधून नेमका किती आवाज निघतो हे फोनला ठाऊक नसते, त्यामुळे तिथे हा हिशेब अचूक राहत नाही.

आवाज चढतो तो बहुधा बाहेरच्या गोंगाटामुळे. एसटीच्या इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, हॉर्न यांवर मात करायला आपण नकळत दोन-चार घरे आवाज वाढवतो. इथे बाहेरचा आवाज दाबणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन खरोखर उपयोगी आहेत. इंजिनासारखी सलग, खर्जातली घरघर ते चांगली कमी करतात, त्यामुळे गाणे कमी आवाजातही ऐकू येते. पण विट्याच्या यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराने याचा वेगळा अर्थ काढू नये. मागांच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. त्यावर गाणे ऐकू यावे म्हणून इअरबडचा आवाज वाढवणे म्हणजे एका माऱ्यावर दुसरा मारा. तिथे हवेत कानात घालायचे फोमचे प्लग किंवा कानावरचे मफ. गाण्याचे इअरबड हे संरक्षणाचे साधन नाही. काही जण म्हणतील, मिरवणुकीतल्या डीजेपुढे इअरफोनचे काय घेऊन बसलात? डीजे घातक आहेच आणि त्यावर बंधने हवीतच. पण मिरवणूक वर्षातून मोजके दिवस असते, इअरफोन रोजचा. शिवाय कानाचे खाते एकच, दोन्हीकडचा आवाज त्यात एकत्रच जमा होतो.

कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टोकांचा आणखी एक त्रास दोन्ही प्रकारांत सारखा आहे. मळ आत ढकलला जातो, हवा खेळत नाही, ओल धरते. पावसाळ्यात, विशेषतः महाबळेश्वर-कोयनेच्या दमट पट्ट्यात, अशा कानात बुरशी लवकर वाढते. खाज, दडे, पाणी येणे ही तिची लक्षणे. टोके आठवड्याला पुसावीत, अंघोळीनंतर कान कोरडा झाल्यावरच लावावीत, एकमेकांची वापरू नयेत. खाज आली म्हणून काडी, पिन किंवा गरम तेल कानात घालू नये.

काही ठिकाणी दोन्ही प्रकार वर्ज्य आहेत. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्याला असताना दुचाकी किंवा सायकल चालवताना कान मोकळेच हवेत. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आता विजेवरच्या गाड्या धावतात. त्या डिझेल इंजिनापेक्षा कमी आवाजात जवळ येतात, म्हणून रुळांच्या कडेने इअरफोन लावून चालणे जिवावर बेतू शकते. मळणी यंत्र किंवा कडबाकुट्टीजवळ लोंबणारी वायर पात्यात अडकण्याची भीती असते आणि वायरलेसमुळे यंत्राचा बदललेला आवाज कळत नाही. फोन चार्जिंगला असताना वायरचा इअरफोन कानात ठेवू नये. चार्जर सदोष असेल तर विजेचा धक्का थेट डोक्यापर्यंत येऊ शकतो.

तेव्हा माझा सल्ला असा. घरी टेबलापाशी बसून अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी कानावर बसणारा, वायरचा साधा हेडफोन सर्वांत बरा. तो स्वस्त आहे, कानाच्या नळीत शिरत नाही आणि उठताना काढावाच लागतो. रोजच्या एसटी-रेल्वेच्या प्रवासासाठी परवडत असेल तर नॉइज कॅन्सलिंग वायरलेस घ्या, पण रस्त्यावर उतरताना काढून ठेवा. कुठलाही घेतलात तरी आवाज घरी, शांत खोलीत, ६० टक्क्यांच्या आत ठरवा आणि बाहेर पडल्यावर तो वाढवू नका. हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे ऐकू आले नाही, तर आवाज जास्त आहे. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे ठेवा आणि इअरबड घालून झोपू नका. गुंई आवाज एक-दोन दिवसांत थांबला नाही, किंवा गर्दीत बोलणे समजेनासे झाले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ऑडिओमेट्री करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी उपचार जितका लवकर सुरू होतो तितकी श्रवण परत येण्याची शक्यता जास्त, आणि मळ असेल म्हणून घालवलेले आठ दिवस महागात पडतात.

पालकांना शेवटची विनंती. मुलांसाठी इअरफोन कोणता घ्यायचा यावर दुकानात जेवढा वेळ घालवता, तेवढाच वेळ आज रात्री त्यांच्या फोनमधली आवाजाची कमाल मर्यादा लावून देण्यात घालवा. ही सोय अनेक फोनच्या सेटिंगमध्ये असते, तिला पैसे पडत नाहीत आणि ती वायरच्या व वायरलेस, दोन्ही इअरफोनना लागू पडते.