बेस कुठे ठेवायचा?

प्रश्न : नवा कॉर्डलेस फोन घेतला, पण आतल्या खोलीत आवाज तुटतो आणि हँडसेटही लवकर मान टाकतो. काय करावे?

उत्तर : बहुतेक घरांत बेस टीव्हीमागे, राउटरला खेटून बसवलेला असतो. तिथून तो आधी हलवावा. डेक्ट तंत्राच्या अशा कॉर्डलेस फोनची पोच मोकळ्यावर सुमारे 300 मीटर, घरात जेमतेम 50. काँक्रीटची भिंत, लोखंडी कपाट ती आणखी खातात. घराच्या मध्यभागी, उंच फळीवर बेस ठेवणे उत्तम.

हँडसेटमध्ये बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल असतात. पहिले चार्जिंग पुस्तिकेत सांगितले तितके तास होऊ द्यावे. साधे पेन्सिल सेल मात्र कधीही घालू नयेत. चार्जिंगला लावताच ते गळू शकतात, फुटूही शकतात.

वीज गेली की बेस बंद, फोन मुका. घरात वयस्कर माणसे एकटी असतील, तर बेस आणि फायबरचा मोडेम दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.