गरोदर स्त्रीशी बौद्ध घराने कसे वागावे?



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातील देव्हारा उतरवला, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, लग्ने बौद्ध पद्धतीने लावू लागलो. परंतु सुनेला दिवस गेले की टाकलेल्या रूढी मागल्या दाराने पुन्हा घरात येतात. ग्रहण पाळले जाते, पाचवीला सटवाई पुजली जाते, बाळंतिणीचा विटाळ धरला जातो. असे करणारी माणसे वाईट असतात असे नव्हे. अशा वेळी जिवाची भीती असते आणि भीतीपोटी माणूस जुन्याला धरून बसतो. म्हणूनच गरोदर स्त्रीशी वागण्याचा बौद्ध आचार कोणता, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे.

बुद्धचरित्रातील तीन प्रसंग

पहिला प्रसंग महामायेचा. बाळंतपण जवळ आले तेव्हा तिने देवदहाला माहेरी जाण्याची इच्छा व्यक्त केली. शुद्धोदनाने ती मान्य केली आणि पालखी व सोबतीला माणसे देऊन तिला पाठवले. वाटेत लुंबिनी वनात सिद्धार्थाचा जन्म झाला. गरोदर स्त्रीला काय हवे ते ऐकावे आणि तिची सोय करावी, हा पहिला धडा. परंतु याच कथेचा शेवट आपण विसरतो. मूल सात दिवसांचे झाले आणि महामाया गेली. राजवाड्यातील स्त्रीलाही बाळंतपणानंतरचा आठवडा पार करता आला नाही. त्या बाळाला महाप्रजापतीने वाढवले.

दुसरा प्रसंग अंगुलिमालाचा. अनेकांचे प्राण घेतलेला हा माणूस भिक्खू झाल्यावर श्रावस्तीत भिक्षेला गेला असता त्याला प्रसूतिवेदनांनी अडलेली एक स्त्री दिसली. तिचे दुःख पाहून तो कळवळला आणि त्याने ते भगवंतांना येऊन सांगितले. भगवंतांनी त्याला तिच्याकडे परत पाठवले. पुढे हा प्रसंग परित्राणपाठ म्हणून म्हटला जाऊ लागला. पाठाने मनाला धीर येतो, पण पाठ म्हणजे औषध नव्हे. दगडासारख्या माणसालाही अडलेल्या स्त्रीकडे पाठ फिरवता आली नाही, हे या कथेतून घ्यावयाचे आहे.

तिसरा प्रसंग राजा प्रसेनजिताचा. राणी मल्लिकेला मुलगी झाल्याचे कळताच तो खिन्न झाला. तेव्हा भगवंतांनी त्याला समजावले की मुलगीही पुरुषापेक्षा श्रेष्ठ निघू शकते. अडीच हजार वर्षांपूर्वी राजाला सांगितलेली ही गोष्ट आपल्या घरात अजून सांगावी लागते.

बाबासाहेबांची भूमिका

१९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतिलाभ देणारे विधेयक आले. मालकांवर बोजा पडेल अशी ओरड झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि स्त्रीच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. देशभरासाठी कायदा १९६१ साली आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

मात्र घरात धुणीभांडी करणाऱ्या, दुसऱ्याच्या शेतात खुरपणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीपर्यंत ही रजा पोहोचत नाही. तिला विश्रांती द्यायची ती घरानेच. बाबासाहेबांनी गिरणीमालकाकडे जे मागितले, ते नवऱ्याने आपल्या घरात नाकारावे काय?

रोजचा आचार

१. बोलणे : ‘आम्ही बांधावर बाळंत झालो आणि संध्याकाळी भाकरी थापली, तुझेच काय जगावेगळे?’ असे सुनेला म्हणू नये. आपण सोसले ते दुसरीने सोसावे ही करुणा नव्हे. कोण कशी अडली, कोण कशी दगावली, या गोष्टी तिच्यासमोर काढू नयेत. ‘मुलगाच होणार’ असे भाकीत करू नये. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते, तेव्हा मुलगी झाली म्हणून आईला बोल लावणे हे अज्ञान आहे. गर्भलिंग तपासणे व तपासायला लावणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

२. जेवण : सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले तिने खायचे, ही रीत मोडावी. तिने सर्वांबरोबर किंवा सर्वांच्या आधी जेवावे. जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाई अडते, या समजुतीने तिला अर्धपोटी ठेवू नये. डाळ, पालेभाजी, अंडी, शेंगदाणे, दूध यांतले जे परवडेल ते आधी तिच्या ताटात पडावे. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस त्या घ्यायच्या असतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लोह अंगी कमी लागते.

३. काम : पाण्याचे हंडे, धान्याची पोती, ओल्या गोधड्या तिला उचलू देऊ नयेत. दिवसा दोन तास आणि रात्री आठ तास तिला आडवे होता आले पाहिजे. ही कामे कोणी करायची? ज्याचे ते मूल आहे त्याने. पाणी भरल्याने पुरुषाचे काही कमी होत नाही.

४. नवऱ्याचे वर्तन : सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे आणि घरात तिला अधिकार देणे ही त्यांपैकी तीन आहेत. दारू पिऊन गरोदर पत्नीवर हात टाकणारा एकाच वेळी पहिले आणि पाचवे शील मोडतो. शेजाऱ्यांनीही ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून गप्प बसू नये.

५. तपासणी : बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे आणि किमान चार वेळा तपासणी करून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. नवऱ्याने किंवा सासूने सोबत जावे. रक्तस्राव, तोंडावर सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे यांतले काहीही दिसले तर कोणाची परवानगी येण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

६. समारंभ : ओटी भरताना विधवेला आणि मूल नसलेल्या स्त्रीला दूर ठेवतात. बौद्ध घरात असे होता कामा नये. त्रिसरण-पंचशील घेऊन मंगलकामना करायची असेल, तर त्यांनाही पुढे बसवावे. ज्या स्त्रीचे मूल पोटातच गेले, तिला दोष देऊ नये आणि अपशकुनी तर मुळीच मानू नये.

ग्रहण आणि विटाळ

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी संध्याकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या दिवशीही कित्येक घरांत गरोदर स्त्रियांना अंधाऱ्या खोलीत अन्नपाण्याविना बसवले होते. ग्रहण म्हणजे सावली. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे सर्वांनाच लागू आहे. परंतु विळीवर भाजी चिरल्याने बाळाचा ओठ फाटत नाही. उपाशी आणि तहानलेली राहिल्याने मात्र आईला त्रास होतो.

विटाळाची गोष्ट अधिक गंभीर आहे. अनेक गावांत सुईण अस्पृश्य मानलेल्या जातीतली असे. तिच्या हातात मूल जन्माला येई, नाळ तीच कापी, आणि काम संपल्यावर त्याच घराच्या उंबऱ्याआत तिला पाऊल टाकता येत नसे. तिला दूर ठेवणारी कल्पना आणि बाळंतिणीला दहा-बारा दिवस कोपऱ्यात टाकणारी कल्पना एकच आहे. जो विटाळ आपण गावाला सोडायला सांगतो, तो आपल्याच लेकीसुनांवर लादायचा काय? बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुणे ही स्वच्छता आहे. आईला न शिवणे हा विटाळ आहे. पहिली पाळावी, दुसरा सोडावा.

या विटाळाने जीवही जातो. २०१८-२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता गरोदरपणात, बाळंतपणात किंवा नंतरच्या ४२ दिवसांत दगावल्या. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. अतिरक्तस्राव हे त्याचे मोठे कारण आहे. कोपऱ्यात एकटी पडलेली बाळंतीण लाजेने बोलत नाही, आणि तिच्याजवळ कोणी बसत नसेल तर अंथरूण भिजल्याचे कळणार कोणाला?

विहारातील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी गरोदर स्त्री कोणाच्या नंतर जेवते?
२. तिच्या तपासणीला शेवटचे कोण सोबत गेले होते?
३. बाळंतिणीचे ताट-वाटी आणि अंथरूण निराळे ठेवण्याचे कारण स्वच्छता की विटाळ?
४. महामायेची इच्छा शुद्धोदनाने ऐकली. आपण आपल्या सुनेला तिची इच्छा विचारली आहे काय?

पुरुषांनी या प्रश्नांची उत्तरे आपल्या पत्नीसमोर द्यावीत.

भवतु सब्ब मंगलं.