किंमत आणि मोल

प्रस्तावना

बाजारात एकाच प्रकारच्या दोन वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एक स्वस्त असते, दुसरी महाग. दिसायला दोन्ही सारख्याच. हाती पैसे मोजकेच असल्याने आपला हात बहुधा स्वस्त वस्तूकडे वळतो. काही महिन्यांनी ती मोडते आणि आपण पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो. असा अनुभव तुम्हालाही आला असेल. घरासाठी खरेदी करताना वस्तूचा टिकाऊपणा कसा पाहावा, अधिक पैसे कोठे मोजावेत आणि कोठे मोजू नयेत, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला

- वस्तूची खरेदीची किंमत व तिच्या वापराचा खर्च यांतील फरक स्पष्ट करता येईल;
- टिकाऊ व सुरक्षित वस्तू ओळखण्याच्या खुणा सांगता येतील;
- ग्राहक म्हणून कोणती काळजी घ्यावी हे सांगता येईल;
- ‘मोल’ या शब्दापासून तयार झालेल्या शब्दांचा व पाठातील म्हणींचा योग्य वापर करता येईल.

मूळ पाठ

आमच्या घरी तांब्याची एक कळशी आहे. तिच्या गळ्याजवळ आजीचे नाव आणि १९५४ हे साल कोरलेले आहे. आजी तांबटाच्या दुकानात गेली की तीन प्रश्न विचारीत असे : वजन किती भरेल, सांधा कसा आहे आणि पुढे मोडीत घातली तर काय येईल? तांब्यापितळेच्या जुन्या भांड्याला धातूच्या वजनावर पैसे मिळत, त्याला ‘मोड’ म्हणत. म्हणजे वस्तू विकत घेतानाच तिच्या शेवटच्या दिवसाचाही हिशेब होत असे. पितळेच्या पातेल्यात आंबट पदार्थ कळकतो म्हणून त्याला वेळोवेळी कल्हई लावावी लागे. तो खर्च असे, पण पातेले मात्र तेच राही.

पुढे मी संसार थाटला तेव्हा पाण्यासाठी प्लॅस्टिकची बादली आणली. ती हलकी होती, रंगीत होती आणि स्वस्तही होती. वर्षभरात तिची कडी निसटली. दुसरीचे बूड चिरले. तिसरी उन्हाने कडक होऊन तडकली. पाचवी बादली घरात आली तेव्हा माझे लक्ष कोपऱ्यातल्या कळशीकडे गेले, आणि आजीचे ते तीन प्रश्न मला प्रथमच नीट समजले.

या अनुभवाचा साधा हिशेब मांडून पाहू. समजा, प्लॅस्टिकची बादली दीडशे रुपयांना मिळते आणि वर्षभर टिकते. स्टीलची बादली सातशे रुपयांना मिळते आणि दहा वर्षे टिकते. पहिलीचा खर्च वर्षाला दीडशे रुपये, तर दुसरीचा सत्तर रुपये. दुकानात महाग वाटलेली बादली घरात निम्म्याहून कमी खर्चात पडते. किमतीला वापराच्या वर्षांनी भागले की वस्तूचा वार्षिक खर्च कळतो. हा भागाकार तोंडीही करता येतो. मात्र तो दुकानात, पैसे देण्यापूर्वी करायला हवा.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत या हिशेबात आणखी एक रक्कम मिळवावी लागते. छताच्या पंख्याचेच उदाहरण घ्या. जुन्या पद्धतीच्या साध्या पंख्याला सुमारे ७५ वॅट वीज लागते, तर नव्या पद्धतीच्या बी.एल.डी.सी. मोटरच्या पंख्याला सुमारे ३० वॅट पुरते. रोज बारा तास व वर्षातून तीनशे दिवस पंखा चालला, तर पहिल्याला २७० युनिट आणि दुसऱ्याला १०८ युनिट वीज लागेल. युनिटचा दर सात रुपये धरला तर साध्या पंख्याचे वर्षाचे वीजबिल १,८९० रुपये होते आणि दुसऱ्याचे ७५६ रुपये. साधा पंखा दीड हजाराला आणि दुसरा तीन हजारांना मिळत असेल, तर वरचे दीड हजार रुपये सुमारे सोळा महिन्यांत वसूल होतात. साध्या पंख्याला एका वर्षात त्याच्या किमतीहून अधिक वीज लागते. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. विजेची उपकरणे किती वीज खातात हे ग्राहकाला कळावे म्हणून ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ पासून स्टार दाखवणारी पट्टी सुरू केली. छताच्या पंख्यांवर ती १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे.

काही वस्तूंच्या बाबतीत प्रश्न पैशांपुरता राहत नाही. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते आणि आतील तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. आतले पाणी आटले किंवा शिट्टीची वाट तुंबली, तर झाकणावरील सुरक्षा झडपेने वाफेला वाट करून द्यायची असते. ही झडप हलक्या प्रतीची असेल, तर ती ऐन वेळी दगा देते. अशा कुकरवर वाचवलेले दोन-तीनशे रुपये एखाद्याच्या चेहऱ्याच्या किंवा डोळ्यांच्या मोलाचे ठरू शकतात. म्हणून कुकरवर भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह पाहावे. त्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी तो ‘आय.एस. २३४७’ आहे. चिन्हाच्या खाली उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. तो खरा आहे की नाही, हे ‘बी.आय.एस. केअर’ या ॲपवर पाहता येते. घरगुती कुकरसाठी हे चिन्ह २०२० च्या सरकारी आदेशाने सक्तीचे केले आहे.

मग जे महाग ते चांगले, असे समजायचे का? तसेही नाही. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. पुष्कळदा वाढीव किंमत झगमगीत वेष्टनाची, जाहिरातीची किंवा कधीही न वापरल्या जाणाऱ्या दहा बटनांची असते. वस्तू हातात घेऊन तिचे वजन पाहावे. सांधे, कड्या आणि रिव्हेट तपासावेत. हमी किती वर्षांची आहे आणि ती कोणकोणत्या भागांना लागू आहे, हे वाचावे. तीच वस्तू चार-पाच वर्षे वापरणाऱ्या शेजाऱ्याला विचारावे. जाहिरातीपेक्षा त्याचे मत अधिक भरवशाचे असते. शिवाय प्रत्येक वस्तू टिकाऊच हवी असेही नाही. वाढत्या वयाच्या मुलाला वर्षभरात बूट लहान होणार असतील, तर दहा वर्षे टिकणाऱ्या बुटांचा त्याला काय उपयोग?

टिकाऊपणाचा दुरुस्तीशी जवळचा संबंध आहे. कापसाची गादी दबली की पिंजारी ती उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरून देई. वस्तू जुनी होई, पण निकामी होत नसे. आजही कुकरचे रबर, मिक्सरचे कपलर किंवा पंख्याचा कंडेन्सर बदलला की बंद पडलेली वस्तू पुन्हा चालू होते. म्हणून खरेदीच्या वेळीच विचारावे : याचे सुटे भाग आपल्या गावात मिळतात का? ज्या वस्तूचे झाकणच उघडता येत नाही, ती कितीही देखणी असली तरी एका बिघाडाची सोबतीण असते. दुरुस्तीविषयीची माहिती ग्राहकांना एके ठिकाणी मिळावी म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले.

आता सर्वांत अवघड प्रश्न. ज्याच्या हाती आज दीडशेच रुपये आहेत, त्याने सातशेची बादली घ्यावी कशी? मोलमजुरी करणाऱ्या बाईला हिशेब कळत नाही असे मुळीच नाही. तो तिला इतरांपेक्षा अधिक चांगला कळतो. तिच्याजवळ एका वेळी पुरेशी रक्कम नसते, एवढेच. त्यामुळे ती दर वर्षी दीडशे रुपये देते आणि दहा वर्षांत पंधराशे रुपये मोजूनही तिच्या घरात एक धड बादली नसते. ज्याच्याजवळ सातशे रुपये होते, त्याला तीच सोय निम्म्याहून कमी पैशांत मिळाली. गरिबी अशी महाग पडते. ‘चांगली वस्तू घ्या’ हा उपदेश करणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.

तरीही काही वाटा आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरेच. पण अंथरुणाचा कोणता भाग आधी भक्कम करायचा, हे आपल्याला ठरवता येते. आग, वाफ आणि वीज यांच्याशी संबंध असलेल्या वस्तूंना पहिला मान द्यावा. त्यानंतर रोज वापराच्या वस्तू आणि शेवटी शोभेच्या. वर्षाला एकच वस्तू, पण चांगली घ्यावी. भिशी किंवा बचत गटाची रक्कम अशा खरेदीसाठी राखून ठेवता येते. नव्या पण तकलादू वस्तूपेक्षा जुनी पण दणकट वस्तू पुष्कळदा बरी. हप्त्यावर घेताना मात्र सगळे हप्ते व इतर आकार यांची बेरीज करून मगच सही करावी.

आणि पक्के बिल घ्यावे. बिलाशिवाय हमी सिद्ध करणे कठीण जाते. वस्तू सदोष निघाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर या तक्रारीला शुल्क पडत नाही.

आजीची कळशी अजून पाण्याने भरते. तिला एक पोचा आहे, तळाशी एकदा डाग दिलेला आहे. तिची त्या वेळची किंमत आज घरात कोणालाच आठवत नाही. तिचे मोल मात्र रोज सकाळी कळते.

शब्दार्थ

तांबट – तांब्यापितळेची भांडी घडवणारा कारागीर
मोड – जुन्या धातूच्या वस्तूला वजनावर मिळणारे पैसे
कल्हई – भांड्याला आतून दिलेला कथिलाचा मुलामा
कळकणे – पितळेच्या भांड्यात पदार्थ बिघडणे
पोचा – भांड्याला पडलेला खड्डा
डाग देणे – धातूचे भोक किंवा फट वितळलेल्या धातूने बुजवणे
तकलादू – वरून चांगले, पण न टिकणारे
भिशी – ठरावीक रक्कम जमवून आळीपाळीने एकेकाला देण्याची पद्धत

पाठगत प्रश्न १

१. वस्तूचा वार्षिक खर्च कसा काढतात?
२. साध्या पंख्याला ‘चार आण्याची कोंबडी’ का म्हटले आहे?
३. योग्य पर्याय निवडा : कुकर घेताना सर्वप्रथम पाहावे –
(अ) वेष्टन (आ) आय.एस.आय. चिन्ह (इ) रंग (ई) जाहिरात

भाषा-विचार

(अ) ‘किंमत’ आणि ‘मोल’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात; परंतु त्यांच्या छटा भिन्न आहेत. किंमत म्हणजे दुकानात मोजावे लागणारे पैसे. मोल या शब्दात पैशांबरोबरच वस्तूची योग्यता व उपयोगही येतो. म्हणूनच आपण ‘आईच्या कष्टांचे मोल’ म्हणतो. या शब्दापासून पुढील शब्द तयार झाले आहेत :

अनमोल – ज्याचे मोल करता येत नाही असे
कवडीमोल – अगदी क्षुल्लक किमतीचे
मातीमोल – पूर्णपणे वाया गेलेले
मोलमजुरी – पैसे घेऊन केलेले कष्टाचे काम

(आ) जुनी भांडी तांबटाला देण्याच्या व्यवहारातून आलेला ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आता ‘निरुपयोगी ठरवून बाजूला सारणे’ या अर्थाने रूढ आहे. उदा. जुने नियम एका दिवसात मोडीत काढता येत नाहीत.

(इ) वाक्यरूपांतर : पुढील वाक्यांतील अर्थ न बदलता रचना कशी बदलली आहे ते पाहा.
स्वस्त वस्तू नेहमीच फायद्याची नसते. (नकारार्थी)
स्वस्त वस्तू कधीकधी तोट्याची असते. (होकारार्थी)

पाठगत प्रश्न २

१. ‘कवडीमोल’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा.
२. होकारार्थी करा : ही हमी सर्व भागांना लागू नाही.

तुम्ही काय शिकलात?

- खरेदीची किंमत, वापराची वर्षे आणि विजेचा व दुरुस्तीचा खर्च मिळून वस्तूचा खरा खर्च ठरतो.
- आग, वाफ व वीज यांच्या वस्तूंमध्ये सुरक्षिततेला तडजोड नाही.
- महाग वस्तू टिकाऊ असतेच असे नाही. ती पारखून घ्यावी लागते.
- एकरकमी पैसे नसल्यामुळे गरीब कुटुंबाला तीच सोय महाग पडते. अग्रक्रम ठरवणे व सामूहिक बचत हे त्यावरील काही उपाय आहेत.
- पक्के बिल हा ग्राहकाच्या हक्काचा आधार आहे.

पाठान्त प्रश्न

१. आजीच्या तीन प्रश्नांतून तिची कोणती दृष्टी दिसते? सात-आठ ओळींत लिहा.
२. ‘गरिबी अशी महाग पडते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील एखादी वस्तू निवडा. तिची किंमत, वापराची वर्षे व दुरुस्तीचा खर्च लिहून वार्षिक खर्च काढा. ती वस्तू पुन्हा घ्याल का, ते सकारण सांगा.
४. हमीच्या मुदतीत बिघडलेल्या मिक्सरविषयी दुकानदाराला तक्रारपत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) किमतीला वापराच्या वर्षांनी भागून, विजेची वस्तू असल्यास वर्षाचे वीजबिल त्यात मिळवून. (२) कारण त्याच्या किमतीपेक्षा त्याचे वर्षाचे वीजबिल अधिक होते. (३) (आ)

पाठगत प्रश्न २ : (१) उदा. भाव कोसळल्याने शेतकऱ्याला कांदा कवडीमोल दराने विकावा लागला. (२) ही हमी काही भागांनाच लागू आहे.