कोलोन ते ल्यों: सीट भारी की सांधा पक्का?



एक्स्पोर्टवरचा व्हिडिओ पाहून जळगावच्या एका उद्योजकाचा फोन आला. केळीचे वेफर्स आणि केळीची पावडर बनवतो. दर दोन वर्षांनी जर्मनीत कोलोनला 'अनुगा' हे खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे तो पहिल्यांदाच जाणार आहे. म्हणाला, "सर, प्रदर्शनानंतर फ्रान्समध्ये ल्योंला एका आयातदाराला भेटायचंय. दुपारी तीनची वेळ मिळालीय. ट्रेनचे इतके प्रकार दिसतात, कोणत्या ट्रेनची सीट भारी?"

(ल्यों म्हणजे आपण स्पेलिंग वाचून लिऑन म्हणतो तेच शहर.)

मी त्याला म्हटलं, सीटचं नंतर बघू. पण प्रश्न चांगला आहे. युरोपातल्या हायस्पीड ट्रेन म्हणजे 'आराम' कसा विकायचा याचं चालतंबोलतं दुकान आहे.

जर्मनीची आयसीई घ्या. खुर्ची ऐसपैस, गरम जेवणाची सोय, शांत बसणाऱ्यांसाठी वेगळा भाग. पण तिथे देशांतर्गत प्रवासात तिकीट वेगळं आणि सीटचं रिझर्व्हेशन वेगळं. रिझर्व्हेशन सक्तीचं नाही. त्यामुळे गर्दीच्या दिवशी पैसे भरूनही दाराजवळ उभं राहायची वेळ येऊ शकते. फ्रान्सच्या टीजीव्हीत उलटं. रिझर्व्हेशनशिवाय तिकीटच नाही, म्हणजे तुमची जागा ठरलेली. शिवाय टीजीव्हीच्या दोन डब्यांच्या मधोमध एकच चाकांची बोगी असते, दोन्ही डबे तिच्यावर टेकलेले. त्यामुळे चाकं प्रवाशांच्या पायाखाली न येता डब्यांच्या टोकांना राहतात. डबलडेकर गाडीत वरच्या मजल्यावर खिडकीजवळ बसलात तर तीनशेचा वेग आहे हे खरंही वाटत नाही. इटलीच्या फ्रेच्चारोसात तर चार वर्ग आहेत, आणि सगळ्यात वरच्या वर्गात जेमतेम दहा खुर्च्या.

आता धंद्याचा खरा धडा. फ्रान्सच्या रेल्वेने 2013 मध्ये 'विगो' नावाची स्वस्त सेवा काढली. गाडी तीच डबलडेकर टीजीव्ही, रूळ तेच, वेगही तोच. मग स्वस्त कशी? फर्स्ट क्लास काढला, खाण्यापिण्याचा बार काढला, आणि जिथे साधारण 510 सीट बसत होत्या तिथे 634 बसवल्या. सुरुवातीला तर गाडी पॅरिसच्या मधल्या स्टेशनातून न सोडता शहराबाहेर, डिस्नेलँडजवळच्या मार्न-ला-व्हालेहून सोडली. मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे, चार्जिंगच्या प्लगचेही वेगळे. नीट बघा, वेग कमी केला नाही, सुरक्षिततेत काटकसर केली नाही. ज्यासाठी गिऱ्हाईक गाडीत चढतं ते तसंच ठेवलं. आपल्याकडे खर्च कमी करायचा म्हटलं की पहिला हात तेलाच्या डब्याकडे जातो! वेफर्सवाल्याला हे लगेच कळलं.

पण त्याच्यासाठी विगो स्वस्त पडेल का? त्याच्याकडे सॅम्पलची भली मोठी बॅग, आणि मीटिंगआधी लॅपटॉप चार्ज हवा. आधी कमी दिसलेली किंमत हे सगळं जोडल्यावर किती होते, ते त्याने स्वतः कागदावर मांडावं असं मी सांगितलं.

आता मुख्य मुद्दा. कोलोनहून पॅरिसला लाल रंगाची युरोस्टार जाते. 2023 पर्यंत तिचं नाव थालिस होतं. साधारण सव्वातीन-साडेतीन तासांचा प्रवास, मध्ये बेल्जियम. प्रत्येक देशाच्या तारांमधली वीज वेगळी, सिग्नलची पद्धत वेगळी. त्यासाठी चार प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्याच बनवून घेतल्या. तुम्ही कॉफी पीत असता आणि सीमा कधी मागे गेली ते कळतही नाही. तिन्ही देश शेंगेनमधले, एकच व्हिसा चालतो. पासपोर्ट मात्र खिशात हवा, पोलीस कधीही मागू शकतात. (लंडनची युरोस्टार हे वेगळं प्रकरण. वेगळा व्हिसा, आणि गाडीत चढण्याआधी विमानतळासारखी तपासणी.)

म्हणजे इंजिनिअर लोकांनी सांधा जोडला. तिकिटाचा सांधा मात्र अजून उघडा आहे. कोलोनची गाडी पॅरिसच्या गार द्यू नोरला येते, ल्योंची सुटते गार द ल्योंहून. मध्ये लोकलचे दोनच स्टॉप, पण मोठी बॅग, जिने आणि नवं शहर. समजा पहिली गाडी 50 मिनिटं उशिरा आली. युरोपीय नियमानुसार 60 मिनिटांपासून पुढे तिकिटाच्या 25 टक्के आणि 120 मिनिटांपासून 50 टक्के भरपाई मिळते. 50 मिनिटांना काहीच नाही! आणि दोन तिकिटं दोन कंपन्यांकडून वेगवेगळी घेतली असतील, तर पुढची गाडी चुकल्यावर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला नेण्याचं बंधन नाही. तिने दया दाखवली तर दाखवली. पूर्ण प्रवासाचं एकच सलग तिकीट असेल तर मुक्कामी पोचवायची जबाबदारी रेल्वेची.

वेफर्स आपण बनवतो, नेतो ट्रान्सपोर्टवाला. वाटेत पाकीट फुटलं तर गिऱ्हाईक फोन कोणाला करतं? आपल्यालाच ना?

इथे मला स्पेनची आठवण होते. 1992 मध्ये त्यांनी माद्रिद ते सेव्हिया हायस्पीड लाइन सुरू केली, आणि 1994 पासून जाहीर केलं की गाडी पाच मिनिटांपेक्षा जास्त उशिरा पोचली तर पूर्ण पैसे परत. पाच मिनिटं! ही हिंमत आली कुठून? स्पेनचे जुने रूळ जास्त रुंदीचे. नवी लाइन वेगळ्या मापाची, म्हणजे जुन्या जाळ्यातल्या उशिराने धावणाऱ्या गाड्या मध्ये घुसण्याचा धोकाच कमी. रूळ, गाडी, वेळापत्रक सगळं एका हातात. पुढे हे नियम सैल झाले, पण गॅरंटी दिली होती ती जिथे सांधे आपल्या ताब्यात आहेत तिथेच. माझ्या बघण्यातले कितीतरी जण 'चोवीस तासांत डिलिव्हरी' असं छापतात, आणि कुरिअर दुसऱ्याचं असतं.

शेवटी जळगावच्या गड्याने काय केलं? सकाळी कोलोनहून निघून तीनची मीटिंग गाठायचा बेत त्याने सोडला. आदल्या दिवशीच ल्योंला पोचायचं ठरवलं. सलग तिकीट मिळतंय का ते आधी बघायचं, नाहीच मिळालं तर पॅरिसमध्ये किमान दोन तास मोकळे ठेवायचे. ल्योंच्या गाडीसाठी विगो नको, साधी टीजीव्ही, सेकंड क्लासच. "सर, हॉटेलची एक रात्र वाढली ना," म्हणाला. मी विचारलं, "विमान, व्हिसा, प्रदर्शन धरून आतापर्यंत किती घातलेस?" आकडा सांगताना तोच हसला. एका रात्रीचं भाडं त्यापुढे काहीच नव्हतं, आणि तो आयातदार दुसरी वेळ देईलच असं नाही.

आता त्याचा नवा प्रश्न आलाय: सॅम्पलच्या पाकिटांवर लेबल फ्रेंचमध्ये लागेल का? त्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.