वस्तीवरचा दिवा

बालाघाटाच्या डोंगरकडेला, धाराशिवच्या शिवारात तुमची वस्ती आहे. तिथे विजेची तार नाही. मग काय करावे? सोलरची प्लेट आणि बॅटरी घ्या. पण दिवा कोणता घ्याल?

गावातल्या घरची वीज २३० व्होल्टची. बॅटरी १२ व्होल्टची. बॅटरीला १२ व्होल्टचाच एलईडी दिवा लागतो. घरचा दिवा बॅटरीवर पेटायचा नाही. बॅटरीचा दिवा घरच्या विजेवर लावला, तर जळून जाईल. म्हणून आधी खोक्यावरचा आकडा वाचा. मगच पैसे द्या.

आता हिशेब करू. जुना तारेचा दिवा ४० वॉटचा. ५ तासांत तो २०० वॉट-तास वीज खातो. ५ वॉटचा एलईडी जवळजवळ तेवढाच उजेड देतो. असे ३ दिवे ५ तास लावा. ५ × ३ × ५ = ७५. तीन दिवे मिळून ७५ वॉट-तासच खातात!

तार जाड घ्या, आखूड ठेवा. बारीक, लांब तारेत वीज वाया जाते, दिवा मंद होतो. बॅटरीजवळ फ्यूज बसवा. तारा एकमेकींना टेकल्या तर फ्यूज उडतो, आग टळते.

पहिला दिवा दाराशी लावा. रात्री गोठ्याकडे जाताना पायाखालचा साप-विंचू दिसला पाहिजे.