‘कळविता येईल’ आणि ‘कळविले पाहिजे’ : प्रशासकीय मराठीतील कर्तव्यवाचक रचना

क्रियापदाचे रूप बदलले की कर्मचाऱ्याचे दायित्व कसे बदलते, हे प्रस्तुत घटकात शासकीय अनुदान व कंत्राटांतील गैरव्यवहाराच्या संदर्भात पाहावयाचे आहे.

समजा, नागपुरातील लकडगंज भागात एका शासकीय इमारतीची दुरुस्ती कागदोपत्रीच झाली आणि मोजमाप पुस्तिकेतील वरिष्ठांची खोटी नोंद कनिष्ठ अभियंत्याच्या लक्षात आली. त्याने काय करावे? महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील मूळ तिसरा नियम कर्मचाऱ्याकडून सचोटीची अपेक्षा करतो. हाताखालच्यांच्या सचोटीची काळजी वरिष्ठाने घ्यावी, असेही सांगतो. म्हणजे नजर वरून खाली जाते. खालून वर पाहण्याची आज्ञा तेथे नाही.

जागल्या संरक्षण अधिनियम, 2014 नुसार लोकसेवकास गैरव्यवहार उघड ‘करता येईल’. ही केवळ मुभा. आणि तो अधिनियमही संमत होऊन अंमलात आलेला नाही. उलट, फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 च्या कलम 39 ची रचना ‘दिली पाहिजे’ अशी होती. लोकसेवकाने केलेल्या फौजदारी विश्वासघाताची माहिती, वाजवी सबब नसल्यास, प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना देणे त्यात बंधनकारक होते. आज हेच कर्तव्य भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 मध्ये आहे. कार्यालयांत मात्र त्याचा उल्लेख क्वचितच कानी पडतो! अमेरिकेत 1989 च्या अध्यक्षीय आदेशाने संघराज्याच्या कर्मचाऱ्यांवर उधळपट्टी व भ्रष्टाचार कळविण्याचे बंधन थेट घातले.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाचा अंदाजित खर्च 372 कोटींवरून 7,777 कोटी रुपयांवर गेला. त्या वाढीच्या कागदांवर किती टेबलांवरच्या सह्या असतील, याची कल्पना करावी. 2012 मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी राज्यातील सिंचन कामांविषयी राज्यपाल व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, तेव्हा चर्चा पत्रातील मजकुराबरोबर लिहिणाऱ्याच्या हेतूचीही झाली. पुढे त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ‘कळविता येईल’ असे म्हटले की ‘मग यानेच का कळविले?’ हा प्रश्न उरतो. ‘कळविले पाहिजे’ म्हटले की तो न कळविणाऱ्यास विचारावा लागतो. अर्थात, संरक्षणाविना सक्ती करणे हा कर्मचाऱ्यावर अन्यायच होय. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरप्रकार पंतप्रधान कार्यालयास कळविताना नाव गुप्त ठेवण्याची विनंती करणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची 2003 मध्ये गयेत हत्या झाली.

आपल्या भाषेत अशा कृतीसाठी चहाडी, चुगली, फितुरी असे हिणवणारेच शब्द अधिक. ‘जागल्या’ हा शब्द मात्र गावगाड्यातून आला. रात्री गावाची राखण करणे हे जागल्याचे नेमून दिलेले काम होते. चोर दिसल्यावर ओरडला म्हणून त्याला कोणी चहाडखोर म्हणत नसे.

स्वाध्याय : ‘सदर कामात अनियमितता निदर्शनास आल्यास योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.’ या वाक्यात कर्ता नाही. कोणी, कोणास, किती दिवसांत कळवावे आणि कळविणाऱ्याचे नाव कोणी गुप्त राखावे, हे स्पष्ट होईल अशा रीतीने ते पुन्हा लिहा.